पलीकडच्या गावातला रानाजो

गिरगावात मुगभाटात शिरून महादेवराव नवलकरांचं घर विचारलं, की लोक आधी हसायचे आणि मग पत्ता सांगायचे. "कोण, माकडमास्तर होय? तिसरी चाळ, वरचा मजला. खिडकीत एक गृहस्थ कानाला पेन्सिल लावून आढ्याकडे बघत बसलेले दिसतील, ते तेच."

मास्तर ते कधीच नव्हते. जन्मात एका पोराला त्यांनी पाढे शिकवले नव्हते. 'सागरदूत' नावाच्या साप्ताहिकात ते बातमीदार होते. प्रुफं तपासायचे, नाटकांच्या जाहिराती लिहायचे, कुठे आग लागली की धावायचे. पण डोक्याला पगडी, नाकावर जाड भिंगं आणि काखेत वही असा माणूस दिसला की गिरगाव त्याला मास्तरच म्हणणार. आणि माकडाचं म्हणाल, तर ते लोढणं त्यांनी स्वतःच्या हातानं गळ्यात बांधून घेतलं होतं.

त्याचं असं झालं. सन अठराशे त्र्याहत्तरात परळच्या एका गिरणीत बॉयलर फुटल्याची आवई उठली. महादेवराव तेव्हा बत्तीस वर्षांचे. धापा टाकत पोचले, तर बॉयलर शाबूत. नुसती वाफ मोठ्यानं सुटली होती. बातमी गेली आणि अर्धा रकाना रिकामा राहिला. फाटकाबाहेर एक विशीतला कोकणी गडी कानांवर हात घेऊन बसला होता. गुणाजी धुरी त्याचं नाव, आठ दिवसांपूर्वी गलबतातून उतरलेला. तो आपल्याशीच म्हणाला, "एवढो आवाज तर आमचो रानाजोपण करीत नाय."

"रानाजो कोण?" महादेवरावांनी विचारलं, आणि पुढची बावीस वर्षं त्या एका प्रश्नात गेली.

रानाजो म्हणजे रानातला आजोबा. गुणाजीच्या सांगण्याप्रमाणे तो माणसाएवढा उंच, अंगभर राखी केस, दोन पायांवर चालणारा. शेपूट नाही. हात गुडघ्यांच्या खाली पोचणारे. पिकल्या फणसाचा भारी शौकीन, पण उभ्या जन्मात कुणाच्या वाटेला न गेलेला. महादेवरावांनी ते सगळं लिहून घेतलं, रिकाम्या अर्ध्या रकान्यात छापलं आणि वाचकांना ते बॉयलरपेक्षा जास्त आवडलं. मग दर सुट्टीला त्यांच्या परळ-लालबागच्या फेऱ्या सुरू झाल्या.

तिथल्या चाळींतून कोकणी माणसं गावागावानं राहायची. ही खोली अमक्या गावची, शेजारची तमक्या गावची. सामान भिंतीला, वळकट्या उशाला, आणि एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर आडवी व्हायची. महादेवराव उंबऱ्याशी बाकावर बसायचे आणि साक्ष घ्यायचे. नाव, वय, गाव, महिना, वेळ, ठिकाण. कोकणी माणूस एकदा बोलायला लागला की ठिकाणावर थांबतो थोडाच? तो आत्याच्या लग्नापासून ते गाभण म्हशीपर्यंत सगळं सांगतो. महादेवराव ते सगळं वहीत उतरून घ्यायचे. मात्र छापायच्या वेळी निळी पेन्सिल घेऊन त्या 'घरगुती पाल्हाळा'वर स्वतःच काट मारायचे. शास्त्राच्या कामात म्हैस कशाला, असं त्यांचं म्हणणं असे.

एकदा, एक्याऐंशी साली, ते प्रत्यक्ष शोधालाही गेले. गुणाजी कातळोलीचा. त्यानं रानाजो पाहिला होता तो पलीकडच्या हेदुळ्यात. महादेवराव आगबोटीनं गेले, ओकत उतरले, दोन दिवस चालून हेदुळ्याला पोचले. हेदुळेकरांनी त्यांना पेज पाजली, तुळशीवर हात ठेवला आणि सांगितलं, "हय नाय, कातळोलीत." ते कातळोलीला गेले. कातळोलीकरांनी सोलकढी पाजली, तुळशीवर हात ठेवला आणि सांगितलं, "हय नाय, हेदुळ्यात." दुसरा कुणी असता तर तिथंच शहाणा झाला असता. महादेवरावांनी एवढाच निष्कर्ष काढला की प्राणी चपळ आहे.

हसू नका. या माणसाची एक श्रद्धा होती आणि ती रानाजोवर नव्हती, माणसांवर होती. कुणी डिवचलं की ते म्हणायचे, "दहा-बारा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला खोटं बोलायला फुरसत कुठे असते हो? खोटं बोलायला गादी-तक्क्या लागतो." त्यांच्या पत्नी रमाबाई. मुळाक्षरं गिरवून झाल्यावर बाईंनी जो पहिला सलग मजकूर लिहिला, तो साक्ष क्रमांक सत्तावीसची स्वच्छ प्रत. घरात देवाच्या पोथ्या तीन आणि रानाजोच्या वह्या एकोणीस. दोन्हींची धूळ त्याच पुसायच्या.

पंच्याण्णवच्या माघात गिरगावात एक व्याख्यान झालं. विषय 'लोकभ्रम आणि शास्त्र', वक्ते प्रोफेसर वर्तक. प्रोफेसर विलायतेहून प्राणिशास्त्र शिकून आलेले, तरुण आणि हुशार. आपल्या रानाजोचं नाव जाहिरातीत बघून महादेवराव धुतलेलं उपरणं घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले. बावीस वर्षांनी कुणी विद्वान दखल घेतोय, याचा त्यांना कोण आनंद झाला होता.

प्रोफेसरांनी 'सागरदूत'ची कात्रणं टेबलावर मांडली. ते शांतपणे म्हणाले, "दोनशे अकरा साक्षी छापून आल्या आहेत. मी प्रत्येक वाचली. साक्षीदाराचं गाव एका बाजूला लिहिलं आणि जनावर दिसल्याचं ठिकाण दुसऱ्या बाजूला. सभ्य गृहस्थहो, दोनशे अकरांपैकी एकालाही हा प्राणी स्वतःच्या गावात दिसलेला नाही. प्रत्येकाला तो शेजारच्या गावात दिसतो. शेजारच्यांना पहिल्यांच्या गावात. याचा शास्त्रीय अर्थ एकच, आपलं पोर ते शहाणं आणि शेजाऱ्याचं पोर माकड!"

सभागृह हशानं दणाणलं. खांबांना टेकून उभी असलेली माणसंसुद्धा खाली बसून हसली. महादेवराव उत्तर द्यायला उठले, टेबलावरच्या कात्रणांकडे त्यांनी एकदा बघितलं. ते परत बसले. कारण हिशोब बरोबर होता. बावीस वर्षं त्यांनी ज्या साक्षी घेतल्या, त्यांत ही एवढी उघड गोष्ट त्यांना स्वतःला दिसली नव्हती.

बाहेर 'सागरदूत'चे मालक रामचंद्रपंत त्यांची वाटच बघत होते. पंत वाईट माणूस नव्हे, पण वर्गणीदार हसले की ते आधी वर्गणीची वही काढून बघायचे. "नवलकर, येत्या शनिवारच्या अंकात खुलासा पाहिजे," ते म्हणाले. "गिरणीतल्या अडाणी लोकांनी पत्राची थट्टा केली, आम्ही भोळेपणानं फसलो. चार ओळी पुरेत. गुरुवारी मजकूर माझ्या हातात द्या."

घरी येऊन महादेवराव न जेवताच पानावरून उठले. रमाबाईंनी विचारलं, "इकडे बरं वाटत नाही का?"

"रानाजो नसेल तर नसो गं," ते म्हणाले. "एक जनावर जगात कमी झालं म्हणून माझं काही अडत नाही. पण ती माणसं खोटी निघाली, तर बावीस वर्षं मी कुणात बसत होतो?" खरी ठसठस ही होती. चार ओळी लिहायला त्यांना वेळ लागला नसता. पण त्या चार ओळींत गुणाजी धुरीला लबाड म्हणायचं होतं, आणि तो लबाड आहे की नाही हे आधी कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. महादेवरावांनी पहिली वही काखेत मारली, ट्रामनं भायखळ्यापर्यंत गेले आणि तिथून चालत लालबागला. गुणाजी आता बेचाळीस वर्षांचा, पक्का साचेवाला झालेला. कातळोलीच्या खोलीत सातआठ जण होते, कुणी दाढी करत होता, कुणी झोपला होता. गुणाजीची बायको शेवंता त्या खोलीची खानावळ चालवायची. ती मागच्या बाजूला सुकट निवडत बसली होती. भिंतीपलीकडे हेदुळ्याची खोली. तिथला रघू नेहमीप्रमाणे इकडेच गप्पा मारायला येऊन बसला होता.

"गुणाजी," महादेवराव उंबऱ्यातूनच म्हणाले, "एक विचारतो. बावीस वर्षांपूर्वी तू माझी थट्टा केलीस का?"

गुणाजीचा चेहरा उतरला. "थट्टा? मास्तरानू, तुमच्याकडे खोटा बोलान माका काय गावतला?"

महादेवरावांनी वही उघडली आणि साक्ष क्रमांक एक मोठ्यानं वाचायला घेतली. छापलेली नव्हे, वहीतली, काट मारलेल्या मजकुरासकट. "'वैशाखातली सकाळ. मी विहिरीवर गेलो. आजीनं लावलेल्या फणसाखाली रानाजो उभा होता. आमची तांबू गाय गोठ्यातून हंबरली...' खाली ठिकाण लिहिलंय हेदुळे." ते थांबले. त्यांनी ती ओळ पुन्हा मनात वाचली. भिंगांवरून त्यांनी गुणाजीकडे बघितलं. "गुणाजी, तुझ्या आजीनं फणस हेदुळ्यात लावला होता?"

दाढी करणाऱ्याचा वस्तरा गालावरच थांबला.

"तुमचा गोठा हेदुळ्यात आहे?"

गुणाजी आढ्याकडे बघू लागला. "गाय... चराक गेली होती."

"आणि आजी? तीपण चरायला गेली होती?"

रघूला हसू आवरेना. झोपलेलाही उठून हसायला लागला. गुणाजी मात्र घामाघूम. तेवढ्यात शेवंता सूप घेऊन पुढं आली आणि तिनं ते खाली आपटलं.

"पुरे करा आता!" ती नवऱ्यावर कडाडली. "बावीस वर्षां फिरवलात त्या माणसाक. केस काळे होते तेव्हा येय होते, आता सगळे पांढरे झाले." मग ती महादेवरावांकडे वळली. "मास्तरानू, रानाजो आपल्या शिवेत आसा, असा परक्याक सांगूचा नसता. कोणी इचारला, तर पलीकडच्या गावाचा नाव घेवचा. माझ्या आजयेन तसाच सांगितला, तिच्या आजयेनपण तसाच."

"का पण?"

"खूप वर्षांमागं एकान खोताक खरा सांगितला. खोत बंदुकवाले घेवन इलो. रानाजो गेलो तो बारा वर्षां खाली उतराक नाय. तो नाय म्हटल्यावर रानडुकरांका भीती कोणाची? सगळा भात खाल्ल्यानी. माणसां कंदमुळां खावन जगली. तेव्हापासून ही चाल."

महादेवराव बाकावर बसले. "म्हणजे तुम्ही सगळे माझ्याशी खोटं बोललात."

"खोटा खंय?" गुणाजी आता हिरीरीनं पुढं झाला. "आमी पलीकडच्या गावात म्हटला, म्हणजे आमच्या गावात. ह्या आमच्याकडे शेंबड्या पोराकपण कळता. हेदुळेवाले कातळोली म्हणतत, तेंका विचारा."

"व्हय," रघू म्हणाला. "आमी कातळोलीच म्हणतो."

"आणि आपापसात बोलता तेव्हा?"

"गावच्या माणसाकडे कशाक लपवतलो?" शेवंता म्हणाली. "परक्याक तेवढा सांगूचा नाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! कालपासून पहिल्यांदाच महादेवरावांना हसू आलं. ते इतके हसले की भिंगं पुसायला उपरण्याचं टोक लागलं. माणसं खोटी नव्हती. त्यांनी आजी सांगितली होती, फणस सांगितला होता, गाय सांगितली होती. एवढं सगळं पदरात पडलं असताना या शहाण्यानं नेमकं तेच निळ्या पेन्सिलीनं कापून टाकलं होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवून जमिनीवर अंथरला. तो त्यांनीच मांजरपाटावर काढलेला होता आणि त्यावर लाल शाईचे दोनशे अकरा ठिपके होते, भटजींनी अक्षता उधळाव्यात तसे कुठेही पडलेले. रमाबाई एकेक वही काढून काट मारलेला मजकूर वाचू लागल्या. कुणाची मावशी, कुणाचं पोफळींचं कुळागर, कुणाच्या देवळाची पायरी. प्रत्येक साक्षीतला ठिपका महादेवराव पलीकडच्या गावातून उचलून साक्षीदाराच्या घरामागं ठेवत, काळ्या शाईनं. काम तीन दिवस चाललं. दोन वेळा भात करपला आणि बाईंनी तो तसाच वाढला.

बुधवारी दुपारी एकशे नव्वदावा ठिपका पडला आणि रमाबाई वाचायच्या थांबल्या. "अहो, हे बघावं. एक ओळ झालीय."

खरंच झाली होती. घाटाच्या पायथ्याशी एक जुनी देवराई होती. तिथून एक ओढा खाली समुद्राकडे यायचा, आणि काळे ठिपके त्या ओढ्याच्या काठानं वर-खाली लागलेले होते. रमाबाईंनी महिनेही ताडून बघितले. वैशाखातले सगळे ठिपके विहिरींजवळ. पावसाळ्यातले वर राईत. भात पिकायच्या दिवसांतले शेतांच्या कडेला, जिथं डुकरं उतरतात तिथं. एकमेकांची नावंही ठाऊक नसलेली माणसं, बावीस वर्षं, वेगवेगळ्या चाळींतून, एकाच म्हाताऱ्याचा दिनक्रम सांगत आली होती.

महादेवराव तिथंच नकाशावर बसून रडले. रमाबाईंनी त्यांना रडू दिलं. फक्त शाईची दौत तेवढी बाजूला सरकवली.

गुरुवारी ते नकाशा घेऊन छापखान्यात गेले. रामचंद्रपंतांनी बोट ठेवून ओढा खालपासून वरपर्यंत तपासला आणि खुर्चीतून उठलेच. "नवलकर, अहो हे सोनं आहे! शिळाछापावर पहिल्या पानावर घेतो. वर्तकांना म्हणावं, आता द्या व्याख्यान! इंग्रजी पत्रं उतरून घेतील. माझ्या ओळखीचे दोन शिकारी साहेब आहेत, त्यांना हा अंक गेला ना, तर येत्या वैशाखात ते नेमके या विहिरींवर जाऊन बसतील. कातडं मुंबईत आलं की मग कुणाची टाप आहे हसायची?"

महादेवरावांनाही ते हवं होतं. खोटं कशाला सांगा? बावीस वर्षं ज्याच्या पाठीमागं अख्खं गिरगाव हुप्प हुप्प करत आलं, त्याला एकदा पहिल्या पानावर जिंकायला आवडणार नाही का? भर सभेत प्रोफेसर उठून आपली क्षमा मागताहेत, असं चित्र रस्ताभर त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. पण पंतांचं बोट ज्या विहिरीवर टेकलं होतं, ती गुणाजीची होती. शेवंतानं ज्या दिवशी परक्याला ही गोष्ट सांगितली, त्यानंतर चारच दिवसांत बंदुका निघायच्या तयारीत होत्या. तिची आजी आणि तिच्या आजीची आजी जे करत आल्या, ते काही वेडेपणानं करत नव्हत्या.

त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि उपरण्याखाली घेतली.

"अहो, हे काय?"

"नकाशा छापायचा नाही, पंत. तुम्हाला खुलासा हवा होता ना? तो देतो."

ते खिळे जुळवणाऱ्यांच्या मेजाशी उभ्यानंच लिहायला लागले. मजकूर असा होता:

'रानाजोसंबंधी या पत्रात ज्या दोनशे अकरा साक्षी आल्या, त्यांतली स्थळं चुकीची आहेत. ही चूक साक्षीदारांची नव्हे. त्यांनी मला सर्व काही सांगितलं होतं. त्यातलं खरं ते मी कापलं आणि उरलेलं छापलं. साक्षीदार सर्व खरे आहेत. प्रोफेसर वर्तक यांचा हिशोब बिनचूक आहे, निष्कर्ष तेवढा चुकला. स्थळांची दुरुस्ती प्रसिद्ध होणार नाही. म. पां. नवलकर.'

रामचंद्रपंतांनी ते दोनदा वाचलं. "पुरावा न देता हे छापलं, तर लोक तुम्हाला वेडा म्हणतील."

"ते आत्ताही म्हणतातच. त्या माणसांना लबाड म्हणायला नको, एवढंच."

"आणि सदर बंद होईल. या हाशानंतर मी ते चालवू शकत नाही."

"होऊ दे."

पंतांनी तो मजकूर तिसऱ्यांदा वाचला. मग त्यांनी कागद स्वतःच्या हातानं जुळाऱ्याकडे सरकवला. म्हटलं ना, वाईट माणूस नव्हे.

शनिवारी अंक निघाला आणि गिरगाव पोट धरून हसलं. एका वाण्यानं तर दुकानावर पाटी लावली की आमच्याकडचा गूळ पलीकडच्या गावात मिळेल. महादेवरावांनी ती वाचली आणि बरी सुचली म्हणून वाण्याला दादही दिली. मन मात्र खट्टू होतं. बावीस वर्षांचं सदर संपलं होतं, चोपन्नाव्या वर्षी पुन्हा नाटकाच्या जाहिराती लिहायच्या होत्या. रविवारी ते लालबागला गेले ते निरोप घ्यायला. आता येण्याला काही कारण उरलं नव्हतं, आणि न सांगता येणं बंद करणं त्यांना बरं वाटेना. वही त्यांनी मुद्दामच घरी ठेवली.

कातळोलीची खोली गच्च भरली होती. हेदुळ्याची सगळी खोलीही भिंत ओलांडून इकडे आलेली. मध्ये रघू, त्याच्या हातात 'सागरदूत'. तो अक्षरं लावत लावत वाचत होता आणि 'साक्षीदार सर्व खरे आहेत' या ओळीवर लोक त्याला पुढं जाऊ देत नव्हते. "परत वाच," कुणीतरी म्हणत होतं. छापलेल्या कागदानं आपल्याला खरं म्हटलंय, हे त्यातल्या कित्येकांच्या बापजन्मात घडलं नव्हतं. दारातली पगडी दिसली आणि रघूनं अंक खाली घेतला.

"मी एवढंच सांगायला आलोय," महादेवराव उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "की ते सदर आता बंद झालं. माझं येणं..."

"आत येवा," शेवंता म्हणाली.

गुणाजीनं चटईवर सरकून जागा केली. तिनं ताट आणून ठेवलं. भात आणि सुकटीची आमटी. बावीस वर्षांत महादेवरावांनी या खोलीत पानसुपारीखेरीज काही तोंडात घातलं नव्हतं. ते पाठारे प्रभू, ही मराठ्यांची खोली. तेव्हाचे रिवाज सगळ्यांनाच ठाऊक होते, म्हणून आजवर कुणी आग्रहही केला नव्हता. महादेवरावांनी पगडी काढून मांडीशेजारी ठेवली, हातावर पाणी घेतलं आणि पहिला घास घेतला. आमटी इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं. ते कुणाला कळू नये म्हणून त्यांनी दुसरा घास घाईनं घेतला.

"जेवले," गुणाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता हे गावचे. गावच्या माणसाकडे लपवूचा नसता."

कुणी आधी बोलावं, असा जरा घोळ झाला. रघूनं तोंड उघडलं होतं, पण शेवंतानं त्याला हातानं गप्प केलं आणि ती महादेवरावांसमोर येऊन बसली. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दोनशे अकरा साक्षींत बाईची एक नव्हती.

"मी नवी नवरी होतंय," ती म्हणाली. "आमच्याच गावात. कातळोलीत, राईच्या खालच्या अंगाक. एकटीच लाकडांक गेलेलंय. मोळी बांधलंय मोठी आणि डोक्यावर घेवक होईना. मोळी उचलून देवक दुसरा माणूस लागताच. मी हाक मारलंय, कोणी नाय. दिवस वर चढलेलो, सासू वाट बघता. माका रडू इला. मोळी उभी करून तशीच तिच्याक टेकान बसलंय. आणि मास्तरानू, मागसून कोणीतरी ती उचलल्यान. हळू. आणि माझ्या डोक्यावर नीट बसवल्यान."

गुणाजीसुद्धा तिच्याकडे बघतच राहिला. त्यालाही हे ठाऊक नसावं.

"मागं वळून बघितलंत?" महादेवरावांनी विचारलं.

"मोळी डोक्यावर असल्यावर मान खंय वळता? हात तेवढो दिसलो. केसाळ, राखी. नखां आपल्यासारखीच. मी म्हटलंय, 'आजोबानू, येतंय हां.' आणि घराक गेलंय."

महादेवरावांनी हातातला घास ताटात ठेवला. कानाला लावलेल्या पेन्सिलीकडे त्यांचा हात सवयीनं गेला आणि तसाच परत ताटात आला.

"मग?" ते म्हणाले. "सासूबाई काय म्हणाल्या?"

शेवंता हसली आणि मांडी मोडून नीट सावरून बसली. सासूचं सांगायचं, तर तिच्या माहेरापासून सुरुवात करावी लागणार होती, आणि त्यांच्या गोठ्यातल्या म्हशीपासून.